परगांवीं आलेलें दुखणें

प्रवासास निघण्याची तयारी हा आपल्या एकत्र कुटुंबांतील एक लहानसा सोहळाच असतो. आठ दिवस आधींपासून लाडू-चकल्यांचे डबे भरले जातात, गाडीचीं तिकिटें दहा वेळां पाहिलीं जातात, किल्ल्या कोणाकडे द्यावयाच्या, देवांची पूजा मागें कोणीं करावयाची, हें सारें ठरतें. परंतु ज्या गांवीं पंधरा दिवस राहावयाचें, तेथें कोणी आजारी पडलें तर त्यास न्यावयाचें कोठें, ही गोष्ट कोणी कोणास विचारीत नाहीं. निघतांना दुखण्याचें नांव कशाला काढावें, असें घरांतील वडील माणसांस वाटतें. मीही तसेंच म्हणत आलों होतों. कांहीं वर्षांपूर्वीं दिवाळीच्या सुटींत गडचांदूर येथें जें घडलें, त्यानें माझें हें मत पालटलें. तो प्रसंग, व त्या निमित्तानें मिळविलेली माहिती, वाचकांपुढें ठेवावी एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहें.

गडचांदूर हें चंद्रपूर जिल्ह्याच्या कोरपना तालुक्यांतील गांव. भोंवतालच्या भूमींत चुनखडीचे विपुल साठे असल्यामुळें या बाजूस सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले आणि गांव गजबजून गेलें. पलीकडे माणिकगडचे डोंगर व त्यांवरील जुना किल्ला, त्यापुढें जिवतीचा डोंगराळ मुलूख आणि मग तेलंगणाची सीमा. राजुऱ्याकडील हा सारा प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यांत मोडत असे; त्या वर्षीं तो नांदेड जिल्ह्यास जोडला गेला आणि १९५९ सालीं चांदा जिल्ह्यांत आला. त्यामुळें येथील बाजारांत मराठी, गोंडी व तेलुगु या तिन्ही भाषा एकाच वेळीं कानांवर पडतात. माझा पुतण्या येथें एका कारखान्यांत अभियंता आहे. "काका, एक दिवाळी आमच्याकडे करा," असें तो चार वर्षें म्हणत होता. शेवटीं आम्ही वाईहून लहानथोर मिळून अकरा माणसें निघालों. पुण्याहून आगगाडीनें बल्लारशा गांठलें, वर्धा नदीचा पूल ओलांडून राजुऱ्यास आलों व तेथून गडचांदुरास पोंचलों.

दिवाळी फार आनंदांत गेली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीं सर्वांनीं मिळून माणिकगड पाहिला. मुलें दिवसभर हुंदडून दमलीं होतीं. रात्रीं त्यांनीं हट्ट धरला कीं, खाटा नकोत, आम्ही सगळे ओळीनें खालींच निजणार. सूनबाईनें बाहेरच्या खोलींत सतरंज्या अंथरल्या. मागील दारीं जळणाचीं लाकडें रचलेलीं होतीं आणि त्या दाराखालीं दोन बोटें फट होती, हें आम्हांस कोणासही तेव्हां दिसलें नाहीं.

पहाटे चारच्या सुमारास माझा नऊ वर्षांचा नातू रडत उठला. पोटांत कळ येते, असें तो म्हणे. माझे थोरले बंधू, ज्यांस आम्ही सर्व दादा म्हणतों, म्हणाले, "काल किल्ल्यावर चकल्या किती खाल्ल्या याला हिशेब नाहीं. ओवा-हिंग द्या." वहिनींनीं ओवा दिला, पोटावर हिंग चोळला. मुलास एक उलटी झाली. आतां पोट मोकळें झालें, बरें वाटेल, असें सर्वांनीं मानलें. थोड्या वेळानें तो गुंगल्यासारखा पडून राहिला. सूनबाई मजजवळ येऊन म्हणाली, "मामंजी, हा नेहमीसारखा वाटत नाहीं. दिवे दोन दिसतात म्हणतो." मीं उत्तर दिलें, "झोप अपुरी झाली आहे, निजूं दे." हें वाक्य मीं उच्चारलें, तेव्हां सव्वापांच वाजले होते. तें मी विसरूं शकलों नाहीं, आणि विसरूं नये असेंही मला वाटतें.

साडेपांचास घरकामाच्या बाई आल्या. त्या कोलाम समाजाच्या, वयानें माझ्याएवढ्याच असाव्यात. त्यांनीं हातांतली केरसुणी खालीं ठेविली, मुलाजवळ बसल्या व त्याची हनुवटी वर करून म्हणाल्या, "गुरुजी, हे पोटाचं नाही जी. पोराच्या पापण्या पाहा. हा खाली निजला होता का?" मीं पाहिलें. मुलगा डोळे उघडण्याचा प्रयत्न करीत होता आणि पापण्या वर येत नव्हत्या. तो कांहीं बोलला, तो आवाज नाकांतून आल्यासारखा होता. "माझा भाचा असाच गेला," बाई म्हणाल्या. "आम्ही त्याला आधी मांत्रिकाकडे नेला. तुम्ही दवाखान्यात न्या. आत्ता न्या."

अंगावर दंशाची खूण कोठेंच नव्हती, सूज नव्हती, रक्त नव्हतें. म्हणून दादांना ही सर्पदंशाची गोष्ट पटेना. न्यावयाचेंच तर नागपुरास नेऊं, तेथें माझ्या ओळखीचे मोठे डॉक्टर आहेत, असें ते म्हणूं लागले. नागपूर तेथून साडेतीन-चार तासांच्या वाटेवर. पुतण्यानें वाद घातला नाहीं. त्यानें १०८ क्रमांकास फोन लावण्यास बायकोस सांगितलें, शेजाऱ्याची मोटार दाराशीं आणली आणि मुलास उचलून जवळच्या सरकारी रुग्णालयाकडे निघाला. सूनबाई व मी मागें बसलों. दहा मिनिटांत आम्ही तेथें होतों.

रात्रपाळीचे डॉक्टर वयानें माझ्या शेवटच्या वर्गांतील विद्यार्थ्याएवढे दिसत होते. त्यांनीं दंशाची खूण शोधण्यांत वेळ घालविला नाहीं. मूल कोठें निजलें होतें, पोट कधीं दुखूं लागलें, दोन वस्तू केव्हां दिसूं लागल्या, हे तीन प्रश्न त्यांनीं विचारले. मग मुलास छताकडे टक लावून पाहावयास सांगितलें. त्याची दृष्टि वर टिकेना. नंतर, एका श्वासांत जितके म्हणतां येतील तितके आंकडे म्हण, असें सांगितलें. मुलगा पंधरापर्यंत गेला. डॉक्टर म्हणाले, "मण्यार असावी. साप कोणी पाहिला असो वा नसो, चिन्हें मण्यारीचीं आहेत." लगेच शिरेंतून सलाईन लागलें व सर्पविषावरील लसीच्या दहा कुप्या त्यांत घालण्यास आरंभ झाला. मीं भीत भीत विचारलें, "एवढ्याशा मुलास दहा?" ते म्हणाले, "साप लहान मुलाला विष कमी टोंचत नाहीं, गुरुजी."

थोड्याच वेळांत मुलाच्या अंगावर पित्तासारख्या गांधी उठल्या व हुडहुडी भरली. ही लस घोड्याच्या रक्तांतून तयार होते, तेव्हां असें होऊं शकतें. त्यावरचें इंजेक्शन डॉक्टरांनीं आधींच भरून ठेविलें होतें. तें देऊन, क्षणभर थांबून त्यांनीं लस पुन्हां सुरू केली. दर दहा मिनिटांनीं ते मुलास आंकडे म्हणावयास लावीत. पंधराचे अकरा झाले, अकराचे सात झाले. या मुलास तीसपर्यंतचे पाढे मीं स्वतः शिकविले होते. आतां तो सातावर अडखळतांना ऐकून माझे पाय लटपटूं लागले. आंकडा चारावर आला तेव्हां डॉक्टरांनीं आम्हांस बाहेर उभें केलें आणि श्वासनलिकेंत नळी घातली. १०८ ची गाडी एव्हांना रुग्णालयाच्या दारांत येऊन उभी होती. रबरी फुग्यासारखी पिशवी हातानें दाबून त्याचा श्वास चालू ठेवीत त्यास चंद्रपुरास नेलें. राजुरा, वर्धा नदीचा पूल, बल्लारपूर ही सारी वाट ती पिशवी एका लयींत दाबली जात होती. मी मागच्या मोटारींतून ती गाडी दृष्टिआड होऊं नये एवढेंच पाहत होतों.

चंद्रपुरास दोन दिवस व तीन रात्री तो श्वासयंत्रावर होता. चौथ्या दिवशीं सकाळीं त्यानें पापण्या उचलल्या. नळी काढल्यावर घसा बसलेला होता. तरी परिचारिकेनें विचारतांच त्यानें एका श्वासांत बावीसपर्यंत आंकडे म्हटले. सूनबाई त्या वेळीं प्रथम रडली. साप कोणींही पाहिला नाहीं, तो आजतागायत कोणास सांपडलेला नाहीं.

आतां त्या प्रसंगाचा शांतपणें विचार करूं.

मण्यारीचा दंश हा सापांच्या दंशांत सर्वांत फसवा. हा साप बहुधा रात्रीं संचार करितो, आणि जमिनीवर निजलेल्या माणसास झोपेंत चावतो. त्याचे विषदंत इतके लहान कीं वेदना जवळजवळ होत नाहीं, पुष्कळदां खूणही दिसत नाहीं. पहाटे पोटांत कळ, उलटी, घशाशीं अवघडल्यासारखें वाटणें, मग पापण्या गळणें, दोन वस्तू दिसणें, गिळतां न येणें आणि शेवटीं श्वास मंदावणें, असा त्याचा क्रम. पोटदुखी आधीं येते म्हणूनच सुशिक्षित घरेंही फसतात. या विषाचा परिणाम ज्ञानतंतूंच्या टोंकांवर होतो. तंतूंची जी हानि एकदां झाली ती लसीनें भरून निघत नाहीं. लस फक्त रक्तांत फिरत असलेल्या विषास आवरते. म्हणून लस जितकी लवकर मिळेल तितकी उपयोगी. उशीर झाल्यास तंतू पुन्हां काम करूं लागेपर्यंत दुसऱ्यानें श्वास देत राहणें एवढाच उपाय उरतो. आम्हीं घालविलेल्या दीड तासाचा अर्थ मला डॉक्टरांच्या या स्पष्टीकरणानंतर कळला. मांत्रिकाकडे गेलों नाहीं याचा मला प्रथम अभिमान वाटत होता. पण ओवा व "निजूं दे" हा आमचाही एक मंत्रच होता, आणि त्याचें फळ मांत्रिकाच्या मंत्राहून फारसें वेगळें झालें नसतें.

हें संकट क्वचित् येणारें आहे असें कोणीं समजूं नये. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतांत सर्पदंशानें सुमारें १२ लाख माणसें दगावलीं, म्हणजे वर्षास सरासरी ५८ हजार, असा अंदाज शास्त्रज्ञांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केला. त्यांत चतुर्थांशाहून अधिक मुलें पंधरा वर्षांखालील होतीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१७ सालीं सर्पदंशाची गणना उपेक्षित रोगांत केली. आणि २०३० पर्यंत हे मृत्यु निम्म्यावर आणावयाचे, असा राष्ट्रीय कार्यक्रम भारत सरकारनें २०२४ च्या मार्चांत जाहीर केला. आपल्याकडील लस नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारही सापांच्या विषांवर चालते. म्हणून कोणता साप हें ठरविण्यासाठीं त्यास मारून बरोबर नेण्याची कांहीं आवश्यकता नसते. मुंबईस परळ येथें हाफकिन संस्थेंत अशी लस तयार होत आलेली आहे. सरकारी रुग्णालयांत ती विनामूल्य मिळते.

संस्कृताचा विद्यार्थी या नात्यानें एक गोष्ट येथें प्रांजळपणें सांगितली पाहिजे. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानांत सर्पदंशाचा विचार विस्तारानें केलेला आहे, आणि दंशाच्या वर घट्ट बंध बांधण्यास तेथें सांगितलें आहे. त्या काळीं दुसरें साधन नव्हतें. आजचें वैद्यक मात्र घट्ट बंध, चिरा देणें, विष तोंडानें ओढणें या तिन्ही गोष्टी निषिद्ध मानतें, कारण त्यांनीं अवयव सडतो, रक्त वाहतें आणि वेळ जातो. रोग्यास धीर द्यावा, चालूं देऊं नये, अंगठ्या-पैंजण काढावे, दंश झालेला हात वा पाय मोडलेल्या हाडाप्रमाणें फळीस सैल बांधून स्थिर ठेवावा, आणि निघावें. ग्रंथाविषयीं आदर बाळगूनही हें मान्य करण्यांत कमीपणा नाहीं. स्वतः सुश्रुतानें प्रत्यक्षास किती महत्त्व दिलें आहे हें जाणणारे जाणतात.

चरकाचार्यांनीं चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. घरीं असतां हे चारही पाय आपापल्या ठिकाणीं असतात. आपले डॉक्टर आपणांस वीस वर्षें ओळखतात, औषध कोपऱ्यावरच्या दुकानांत मिळतें, सेवेस घरचीं माणसें असतात, आणि रोग्याचा पूर्वेतिहास सर्वांस पाठ असतो. परगांवीं गेलों कीं चारही पाय एकदम डळमळतात. म्हणून प्रवासापूर्वीं प्रत्येकाचा स्वतंत्र विचार करावा, असें मला आतां वाटतें.

पहिला वैद्य. जेथें जावयाचें, तेथील सर्वांत जवळचें रात्रंदिवस उघडें असणारें रुग्णालय कोठें आहे हें पोंचल्या दिवशींच विचारून ठेवावें. आपल्या राज्यांत सरकारी व्यवस्थेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, आणि मग जिल्ह्याचें रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय. गडचांदुरास ग्रामीण रुग्णालय आहे, राजुऱ्यास उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि चंद्रपुरास २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्यापुढें वर्ध्याजवळ सेवाग्राम व नागपूर. आणीबाणीच्या वेळीं पायरी गाळून वर उडी मारूं नये. खालच्या पायरीवर प्राण टिकवून घ्यावे आणि मग वरच्या पायरीकडे जावें. नागपूरचे मोठे डॉक्टर कितीही निष्णात असले तरी चार तासांच्या वाटेवर ते मुलास श्वास देऊं शकत नव्हते. पावसाळ्यांत तर हा विचार अधिकच हवा. वर्धा नदीस मोठा पूर आला म्हणजे राजुरा-बल्लारपूर वाट बंद पडते, आणि मग अलीकडचें रुग्णालय हाच आधार.

लहान गांवच्या डॉक्टरांस मोठ्या शहरांतील लोक कमी लेखतात. त्यांनीं डॉ. हिंमतराव बावस्कर यांचें उदाहरण आठवावें. कोंकणांत महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्य केंद्रांत काम करीत असतां विंचवाच्या दंशानें दगावणारीं माणसें त्यांनीं रात्रीच्या रात्री जागून पाहिलीं, हृदयावर होणारा परिणाम टिपला, आणि प्राझोसिन नांवाचें, रक्तदाबावर वापरलें जाणारें साधें औषध त्यावर लागू पडतें हें दाखवून दिलें. त्यांचीं निरीक्षणें १९८२ पासून 'लॅन्सेट' या जगन्मान्य नियतकालिकांत प्रसिद्ध होऊं लागलीं, आणि तो उपचार पुढें सर्वत्र मान्य झाला. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. हें ज्ञान एका खेड्यांतल्या दवाखान्यांत जन्मलें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. या वनप्रदेशांतही डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनीं हेमलकशास, आणि डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गडचिरोलीस, आयुष्य वेंचून तेंच दाखविलें आहे.

दुसरा पाद औषध. घरांतील वृद्धांचीं नित्याचीं औषधें, रक्तदाबाचीं असोत, साखरेचीं असोत, मुक्कामाच्या दिवसांहून आठवडाभर अधिक घ्यावीं, आणि तीं सामानाच्या पेटींत न ठेवतां हातांतील पिशवींत ठेवावीं. एका कागदावर प्रत्येकाचें नांव, वय, रोग, औषधाचें मूळ नांव व मात्रा, आणि कोणतें औषध सोसत नाहीं, हें स्वच्छ अक्षरांत लिहावें. दुकानाच्या नांवाचें औषध दुसऱ्या गांवीं मिळेलच असें नाहीं. मूळ नांव असलें तर मिळतें. उन्हाळ्यांत ताडोब्याचे वाघ पाहावयास जाणाऱ्या कुटुंबांनीं तर जलसंजीवनीच्या पुड्या अवश्य बाळगाव्या. चंद्रपुराकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. पुडी नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सपाट सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावें. मात्र उन्हांतून आलेला माणूस असंबद्ध बोलूं लागला, किंवा बेशुद्ध झाला, तर तें सरबताचें काम नव्हे. त्यास सावलींत घेऊन अंगावर पाणी मारीत, वारा घालीत, रुग्णालयांत न्यावें.

तिसरा पाद परिचारक. चरकांनीं परिचारकाच्या अंगीं चार गुण हवेत असें म्हटलें आहे: सेवेचें ज्ञान, दक्षता, प्रेम आणि शुचिता. आमच्या घरीं त्या पहाटे प्रेमास तोटा नव्हता. अकरा माणसें उशाशीं बसलीं होतीं. ज्ञान मात्र एकट्या त्या बाईंपाशीं होतें. एकत्र कुटुंबाचें बळ मोठें, पण त्याचा एक दोषही तेव्हां दिसला. निर्णय वडिलांनीं करावयाचा, आणि वडिलांस माहिती नसली तरी इतरांनीं गप्प राहावयाचें, ही आपली रीत. सूनबाईनें जें पाहिलें होतें तें बरोबर होतें. मीं तें ऐकलें नाहीं. आतां आमच्या घरीं असें ठरलें आहे कीं, आजारी मुलाविषयीं त्याच्या आईस शंका आली तर ती शंका खोटी ठरेपर्यंत खरी मानावयाची. दवाखान्यांत मात्र एकानेंच बोलावें, एकानेंच कागद सांभाळावे. अकराजणांनीं अकरा हकीकती सांगितल्या तर डॉक्टरांचा वेळ जातो.

चौथा पाद रोगी. आपलें दुखणें नीट सांगतां येणें हा रोग्याचा गुण म्हणून चरकांनीं नमूद केला आहे. लहान मूल व अतिवृद्ध माणूस यांस तें सांगतां येत नाहीं. म्हणून त्यांच्या जवळच्यांनीं घड्याळ पाहून वेळा लक्षांत ठेवाव्या. शिवाय एक गोष्ट घरीं परतल्यावरही विसरूं नये. गडचिरोली-चंद्रपूरच्या वनांत हिवतापाचा घातक प्रकार आढळतो. त्याचा ताप बहुधा परत आल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनीं, क्वचित् त्याहूनही उशिरां येतो. पुण्या-मुंबईच्या डॉक्टरांस आपण अरण्यांत राहून आलों हें सांगितलें नाहीं, तर त्यांच्या ध्यानींही तें येणार नाहीं. ताप आल्यास "आम्ही तिकडे जाऊन आलों" हें पहिलें वाक्य असावें, आणि रक्त त्याच दिवशीं तपासून घ्यावें.

आतां दोन शब्द व्यवहाराविषयीं. महाराष्ट्रांत १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून विनामूल्य मिळते व तींत डॉक्टर असतो. सर्वोच्च न्यायालयानें १९८९ सालीं परमानंद कटारा यांच्या खटल्यांत स्पष्ट केलें आहे कीं, प्राण संकटांत असलेल्या रुग्णास वांचविण्यासाठीं उपचार करणें हें सरकारी वा खाजगी प्रत्येक डॉक्टराचें कर्तव्य होय. कायद्याचे सोपस्कार मागाहून. हें माहीत असलें म्हणजे परक्या गांवीं दारांत उभें राहतांना माणूस दीन होत नाहीं. आयुष्मान भारत योजना २०१८ सालीं सुरू झाली; २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तर वर्षांच्या व त्यावरील सर्व वृद्धांस, उत्पन्न कांहीं असो, वर्षास पांच लाखांपर्यंतच्या उपचारांसाठीं तीत घेतलें आहे. घरांतील वृद्धांचीं पत्रें आधींच काढून प्रवासांत बरोबर ठेवावीं. विमा असल्यास त्याचा क्रमांकही त्याच कागदावर लिहावा, आणि रुग्णालयांत दाखल होतांच कंपनीस कळवावें.

आणि सर्वांत साधी गोष्ट. अशा प्रदेशांत मुलांस जमिनीवर निजवूं नये. खाट असावी, मच्छरदाणी गादीखालीं नीट खोंचलेली असावी, दाराखालची फट कापडानें बुजवावी, लाकडें भिंतीपासून दूर रचावीं, आणि रात्रीं उठतांना दिवा घ्यावा. मच्छरदाणीनें डांसही टळतात आणि सापही टळतो. एवढ्या गोष्टींस खर्च जवळजवळ नाहीं.

मुलास घरीं आणलें त्या दिवशीं त्या बाई नेहमीच्या वेळीं कामास आल्या. आमच्या पत्नीनें त्यांस पाटावर बसविलें, ओटी भरली, लुगडें पुढें ठेविलें. नातवास मीं नमस्कार करावयास सांगितलें. त्यानें वांकून पायांवर डोकें ठेविलें, तशा त्या संकोचून मागें सरल्या. लुगडें त्यांनीं घेतलें. पैशाचें पाकीट परत दिलें. म्हणाल्या, "पैसे नको जी. माझ्या भाच्याच्या वेळी कोणी सांगणारं नव्हतं." मग केरसुणी घेऊन त्या मागच्या दारीं गेल्या आणि पुतण्याकडून लाकडांचा ढीग तेथून हलवून घेतला.

येत्या उन्हाळ्यांत आम्हांस कोंकणांत भाचीच्या लग्नास जावयाचें आहे. परवां पत्नीनें सामानाची यादी करावयास घेतली. तीत सर्वांत वर, लाडवांच्या डब्याच्याही आधीं, तिनें त्या गांवच्या रुग्णालयाचें नांव व रस्ता लिहिला आहे. दादांनीं ती यादी चष्मा लावून वाचली आणि खालीं स्वतःच्या हातानें एक ओळ घातली: "मच्छरदाण्या चार."